भोंगा, रविवार आणि झोप

परळच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला आम्ही एक साधे काम दिले होते. प्रत्येकाने एक कागद घ्यायचा, त्यावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ चौकटी आखायच्या आणि काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत आपण काय केले ते चौकटीत लिहायचे. शेजारी दुसरा रकाना : हे कोणासाठी केले? घरासाठी, शाळेसाठी, दुसऱ्या कोणासाठी, की स्वतःसाठी? लिहिता लिहिता मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "बाई, आंघोळ स्वतःसाठी धरायची का? ती तर करावीच लागते."

वर्ग हसला. आम्हांला मात्र लगेच उत्तर देता आले नाही. जे केल्यावाचून चालत नाही ते स्वतःसाठी म्हणायचे का? मग झोपेचे काय? जेवणाचे काय?

सरकारी मोजणीपुरते या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने असेच चौकटींचे काम देशभर केले, आधी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. या वेळ-वापर सर्वेक्षणातही दिवस पहाटे ४ ला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे ४ ला संपतो. झोप, जेवण, आंघोळ हे सगळे तिथे 'स्वतःची काळजी आणि देखभाल' या एकाच सदरात पडते. २०२४ च्या पाहणीत ६ वर्षांवरील माणसांचा या सदरातला वेळ दिवसाला सरासरी ७०८ मिनिटे भरला, म्हणजे पावणेबारा तासांहून थोडा अधिक. पुरुषांचा ७१०, स्त्रियांचा ७०६. फरक जवळजवळ नाहीच.

एवढाच आकडा पाहिला तर वाटेल, सगळे छान चालले आहे. पण त्याच पाहणीतले दुसरे सदर पाहा. घरातल्या बिनमोबदल्याच्या कामासाठी स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. शिवाय ही सरासरी फक्त ते काम करणाऱ्यांची आहे. जे पुरुष घरात कामाला हातच लावत नाहीत ते या ८८ मध्ये मोजलेलेच नाहीत. तेव्हा किती मिनिटे मिळाली, एवढे विचारून भागत नाही. ती कधी मिळाली आणि कोणी ठरवून दिली, हेही विचारावे लागते. आमची शाळा परळमध्ये असल्यामुळे या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास अगदी दाराशी होता. मुलांच्या पणजोबांनी तो घडवलेला होता.

गिरणगावातले पहिले घड्याळ सूर्याचे होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, हिवाळ्यात थोडे कमी. साप्ताहिक सुट्टी हा प्रकार नव्हता. सण येतील तेवढ्या सुट्ट्या, आणि यंत्रे साफ करायची असली तर त्यातलाही अर्धा दिवस जाई. १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला, तो फक्त मुलांपुरता : ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तासांहून अधिक राबवू नये. (७ वर्षांची मुले गिरणीत ९ तास, आणि ही सुधारणा! वर्गात हे वाचून दाखवले की क्षणभर कोणी बोलत नाही.) मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायदा गप्प होता.

या गप्प जागेवर बोट ठेवले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. काही काळ त्यांनी गिरणीत नोकरीही केली होती, त्यामुळे आतले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८८४ च्या सप्टेंबरात परळला सुपारीबागेत कामगारांची सभा झाली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या अशा : दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे सुमारे बारा तास. कामगार बारा तासांचा दिवस *मागत* होते. त्यांना हवे होते ते मध्ये जेवायला अर्धा तास आणि सहा दिवसांनंतर एक मोकळा दिवस. रविवार हा खंडोबाचा वार, हेही या मागणीमागचे एक कारण सांगितले जाते. सहा वर्षे अर्ज-विनंत्या चालल्या. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने दुपारचा अर्धा तास आणि आठवड्याची सुट्टी आणली, स्त्रियांचे काम ११ तासांवर बांधले. आपण आज आरामात लोळत घालवतो तो रविवार मुंबईत असा आला आहे.

मग आली वीज. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताचा अडसर उरला नाही. बाजार तेजीत होता. दिवस १४-१५ तासांपर्यंत लांबला. दिवा हा आपण प्रगतीच्या धड्यात शिकवतो, ते बरोबरच आहे. पण गिरणगावात त्याने पहिल्यांदा काय केले तर झोपेचे तास खाल्ले. प्रौढ पुरुषांसाठी कापड गिरण्यांत १२ तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. १९२२ मध्ये ११ तास, १९३४ मध्ये १०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्रात मजूर खाते सांभाळत असताना त्यांनी मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. प्रत्येक तास कमी व्हायला दहा-बारा वर्षे लागलेली दिसतात.

याच काळात एक गमतीचा वाटणारा, पण मुळीच गमतीचा नसलेला प्रसंग घडला. १९०६ च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. तोवर मुंबईचे घड्याळ मुंबईच्या सूर्यावर चाले. हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२.५ अंश, मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर. फरक ९.७ अंश, म्हणजे जवळजवळ ३९ मिनिटे. घड्याळ एका रात्रीत ३९ मिनिटे पुढे गेले. भोंगा नव्या घड्याळाने वाजला तर सूर्याच्या हिशेबात कामगाराला ३९ मिनिटे आधी उठायला हवे. त्या महिन्यात मुंबईत काही हजार गिरणी कामगार या बदलाविरुद्ध खवळून उठले. शहरात 'मुंबई वेळ' आणि 'प्रमाणवेळ' असे दोन्ही काटे पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. मुंबई वेळेचा शेवटचा अंमल संपला तो १९५५ मध्ये.

कामगार अडाणी होते म्हणून घड्याळाला घाबरले, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. शरीर कोणते घड्याळ मानते, हा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर विज्ञानाला पुढे मिळाले.

आधी एक प्रयोग. शाळेच्या मैदानात सरळ काठी उभी करा आणि तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहा. मुंबईत ती १२ वाजता होत नाही. सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी होते. नोव्हेंबराच्या सुरुवातीला १२.२२ च्या आसपास तर फेब्रुवारीत १२.५३ च्या आसपास. (मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा सावली नाहीशीच होते, जुलैमध्ये पाऊस ते दिसू देत नाही, म्हणून मे गाठावा.) म्हणजे आपल्या मनगटावरचे घड्याळ आजही मुंबईच्या सूर्याच्या सरासरीने ३९ मिनिटे पुढेच पळते आहे.

दुसरा प्रयोग लाजाळूचा. १७२९ साली फ्रान्समधल्या द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी ठेवले. उजेड नसतानाही पाने सकाळी उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे रोपाला उजेड 'दिसत' होता म्हणून ते उघडत नव्हते. वेळ ओळखणारे काही तरी त्याच्या आतच होते. कुंडीतले रोप आणि बंद कपाट एवढ्यावर हा प्रयोग शाळेत करता येतो. तेवढेही नको असेल तर दादर-माटुंग्याच्या पाच उद्यानांच्या बाजूला संध्याकाळी चक्कर मारा आणि पर्जन्यवृक्षाची मिटणारी पाने पाहा.

आपल्या आतले घड्याळ मेंदूच्या तळाशी असते. दोन डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत. शरीराचे तापमान, काही संप्रेरके, झोप-जाग यांचा ताल तिथून सांभाळला जातो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवर करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्यात सांगायचे तर एक जनुक एक प्रथिन बनवते, ते प्रथिन साठले की त्याच जनुकाला थोपवते, प्रथिन संपले की जनुक पुन्हा सुरू होते. या एका फेरीला लागतात सुमारे २४ तास. बरोबर २४ नव्हे. माणसात थोडे अधिकच. म्हणून हे घड्याळ रोज लावून घ्यावे लागते आणि ते लावतो सकाळचा उजेड. भोंगा नव्हे.

ते किती हट्टी असते? १९३८ साली अमेरिकेतल्या केंटकीमधील एका खोल गुहेत नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी रिचर्डसन ३२ दिवस राहिले. सूर्य नाही, तापमान सारखे, आणि वेळापत्रक २८ तासांच्या दिवसाचे. तरुण रिचर्डसनचे शरीर त्याला बऱ्यापैकी रुळले. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांचे तापमान मात्र सगळे ३२ दिवस २४ तासांच्याच तालात चढत-उतरत राहिले. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनीही माणसांना काळापासून तोडून ठेवणारी खोली उभारून असेच प्रयोग केले.

आता गिरणगावात परत येऊ. गिरण्यांच्या तीन पाळ्या झाल्या : सकाळी ७ ते साडेतीन, साडेतीन ते रात्री १२, आणि १२ ते सकाळी ७. रात्रपाळीचा कामगार सातला फाटकाबाहेर येई तेव्हा लालबागचा रस्ता उन्हाने उजळलेला असे. नेमक्या त्या क्षणी त्याचे आतले घड्याळ जागे होण्याची सूचना देई. दुसरीकडे थकवा त्याला झोपेकडे ओढत असे. या ओढीचे कारण रासायनिक आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेत ओसरते. जितके जागरण जास्त, तितका साठा मोठा. चहातले कॅफिन हा साठा कमी करत नाही. अ‍ॅडिनोसिन मेंदूपेशींवर जिथे बसते ती जागा ते अडवून धरते, एवढेच. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-सहा तासांनंतरही अंगात असते. पहाटे ५ ला घेतलेला कटिंग चहा सकाळी १० च्या झोपेत लुडबुड करतो तो असा. घड्याळ म्हणते ऊठ, साठा म्हणतो झोप, चहा दोघांच्या मध्ये. रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप तुटक आणि अपुरी होते, यात आश्चर्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले आहे.

आणि झोपायचे कुठे? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. एका गावची कितीतरी माणसे एका खोलीत राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागेवर अंग टाकी. अंथरुणालाही पाळ्या होत्या म्हणा ना. विद्यार्थ्यांना याचे एक उदाहरण माहीत असते, पण या बाजूने त्यांनी पाहिलेले नसते. भीमराव आंबेडकर शाळेत असताना कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. वडील रामजी भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः रात्री २ पर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच जागेवर आडवे होत. आपण ही गोष्ट मुलांना चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगतो. ती जागेच्या टंचाईचीही गोष्ट आहे, आणि स्वतःची रात्र मुलाला देणाऱ्या बापाची.

विसाव्याने रोग उघडा पडल्याचेही एक विचित्र उदाहरण गिरण्यांत मिळते. कापूस पिंजण्याच्या खात्यात हवेत तंतूंचा धुरळा असतो. त्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्रास कमी होतो. जगभर याला 'सोमवारचा ताप' म्हणत. तो बिसिनोसिस हा फुप्फुसांचा रोग. सुट्टीत श्वासनलिका पूर्वपदावर येतात आणि धुरळ्याला पुन्हा नव्याने सामोऱ्या जातात, म्हणून सोमवारी त्रास जास्त. वर्षे गेली की तो रोजचाच होतो. रविवार नसता तर सुरुवातीची ही खूण कळलीही नसती.

पण रविवार सगळ्यांना मिळाला का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. बाळंतपणात पगारी विसावा मुंबई इलाख्यात मिळाला तो १९२९ च्या कायद्याने, देशात पहिल्यांदा. कायदेमंडळात त्या विधेयकाची बाजू मांडणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. गिरणीबाहेरच्या स्त्रीचे काय? गिरणगावातल्या हजारो एकट्या पुरुषांना जेवू घालत त्या खानावळवाल्या. जेवणाऱ्यांच्या पाळ्या तीन, म्हणून चूलही तीन पाळ्यांत. रविवारी कामगाराला सुट्टी आणि हिला उलट जास्त काम, कारण त्या दिवशी जेवणाला काही तरी खास हवे. एकाचा विसावा दुसऱ्याच्या जागरणावर उभा होता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली, तेव्हा त्या 'काम' करतात ही गोष्ट बँकांना पहिल्यांदा दिसली.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि पुढच्या काळात गिरण्या एकेक करून गेल्या. पाळ्या मात्र गेल्या नाहीत. जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयात परदेशी घड्याळावर काम करणारी मुले, फाटकावरचा पहारेकरी, परळच्या मोठ्या रुग्णालयांतल्या परिचारिका हे सगळे रात्री जागेच असतात. आणि आमचे विद्यार्थी? जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातला उगवतो. सकाळची शाळा ७ ला भरते, म्हणजे मुले अंधारातच घराबाहेर पडतात. त्यातून वयात येताना आतले घड्याळ आपोआप उशिराकडे सरकते. रात्री ११ च्या आधी डोळा लागत नाही, हा नेहमी आळस किंवा मोबाइलच असतो असे नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. ११ ला झोपून साडेपाचला उठले तर साडेसहाच तास होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. तो चांगलाच आहे. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने उशिरा उठण्याची गरज चौथीतल्या मुलापेक्षा नववीतल्या मुलाला जास्त आहे, आणि त्याच्याकडे अजून कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

आम्ही शिक्षकांनीही आपापला कागद भरला. रात्री ११ ते १२ च्या चौकटीत वह्या तपासणे, पहाटे ५ ला डबे, मध्ये लोकलमध्ये भाजी निवडणे. स्वतःसाठी म्हणून जे सापडले ते तुकड्यातुकड्यांत होते. वर्गात झोपेवर दोन तास बोलून आल्यावर हा कागद पाहणे थोडे लाजिरवाणेच होते. त्यानंतर आमच्यातल्या काहींनी एवढे केले, की संध्याकाळी ५ नंतरचा चहा सोडला, दुपारची डुलकी २० मिनिटांवर आणली आणि सकाळी डब्याच्या गडबडीतही दहा मिनिटे गॅलरीत उजेडात उभे राहायचे ठरवले. वह्यांचे मात्र एकट्याने ठरवून भागत नाही. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे जावे लागले, आणि ती बोलणी अजून चालू आहेत.

वर्गात आम्ही ते काम पुन्हा दिले. लोखंड्यांची गोष्ट, काठीची सावली, लाजाळू हे सगळे मध्ये होऊन गेले होते. या वेळी मुलांनी सुचवले म्हणून तिसरा रकाना वाढवला : ही वेळ कोणी ठरवली? घरातल्या एका मोठ्या माणसाचाही कागद भरून आणायचा होता. पुष्कळ जणांनी आईचा आणला. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने पहिल्या रकान्यात लिहिले होते, 'आंघोळ, पहाटे साडेपाच.' दुसऱ्यात, 'स्वतःसाठी.' आणि तिसऱ्यात, 'पाण्याच्या नळाने. तो सहाला जातो.' खाली तिच्या आईच्या कागदावर त्याच चौकटीत लिहिले होते, 'पाणी भरणे.' आईची आंघोळ शोधायला आम्हांला बरेच खाली यावे लागले. ती दुपारी दीडच्या चौकटीत सापडली.